शटर आयलंडचा शेवट (पुस्तकातला, पिक्चरमधला नाही): टेडीला खरंच आठवत नाही का सोंग करतोय?

परभणीकर_अभ्यासू

आधीच सांगतो, खाली सगळा शेवट फोडलेला आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच माघारी फिरा, नंतर शिव्या द्यायच्या नाहीत.

तर डेनिस लेहेनची शटर आयलंड वाचून संपवली अन डोक्याला भुंगा लागलाय. मी एमपीएससी करायलोय, असलं वाचायला टाइम नसतो खरंतर, पण दुपारी लाईट गेली की अभ्यासिकेतले पंखे बंद, ह्या उन्हात राज्यघटना काय डोक्यात शिरत नाही, मग हे काढून बसायचो. आता झालं असं की अभ्यासिकेत पिक्चर सगळ्यांनी बघितलाय, २०१० चा, डिकॅप्रिओवाला, अन पुस्तक एकानंही नाही. विषय काढला की सगळे तोच डायलॉग मारायलेत, राक्षस म्हणून जगायचं का भला माणूस म्हणून मरायचं, म्हणजे त्याला सगळं आठवतंय अन तो मुद्दाम ऑपरेशनला चाललाय, झालं, विषय संपला. पण पुस्तकात ते वाक्यच नाहीये ना! शेवटचं पान किती वेळा उलटून बघितलं, नाहीच.

ज्यांनी लई दिवसांपूर्वी वाचलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९५४, बोस्टनजवळच्या समुद्रात एक बेट, त्यावर गुन्हेगार मनोरुग्णांचं ॲशक्लिफ हॉस्पिटल. यूएस मार्शल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी) टेडी डॅनियल्स अन त्याचा नवा जोडीदार चक तिथं येतात, कारण रेचेल सोलँडो नावाची पेशंट कुलूपबंद खोलीतून गायब झालीय. वादळ येतं, अडकून पडतात, अन चौथ्या दिवशी दीपगृहात डॉ. कॉली त्याला सांगतो की बाबा तू आता कुठला मार्शल, तू अँड्र्यू लेडिस, दोन वर्षांपासून इथलाच पेशंट आहेस, तुझ्या बायकोनं तीन लेकरं तळ्यात बुडवून मारली, तू तिला गोळी घातलीस, अन ते झेपंना म्हणून तू हा टेडी रचलास. चक म्हणजे तुझाच डॉक्टर, शीहान. हा सगळा खेळ तुला भानावर आणायला मांडला होता, फसला तर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूचं ऑपरेशन. टेडीला सगळं आठवतं, तो कबूल पण करतो.

अन मग शेवट. पायऱ्यांवर दोघं बसलेत, सिगरेट चालू, अन हा परत शीहानला चक म्हणायला लागतो. इथून सटकायला पाहिजे म्हणतो. ह्यांना आपला संशय आलाय का म्हणून विचारतो. शीहान म्हणतो छे, आपण लई हुशार आहोत. टेडी म्हणतो हो, आहोतच की. संपलं पुस्तक!

आता मला सांगा, हे खरंच परत बिघडलंय का सोंग आहे? का मुळात हॉस्पिटलवालेच खोटं बोलायलेत अन तो खराच मार्शल आहे? पिक्चरवाल्यांनी पिक्चरचा पुरावा देऊ नका प्लीज.

---

गुलमंडी_कट्टा

अरे यार पिक्चरचा पुरावा देऊ नका म्हणतो अन पिक्चरचाच शेवट अख्खा सांगून बसला 😄

मी दोन्ही केलंय, आधी पिक्चर मग पुस्तक. माझं म्हणणं एवढंच की डायरेक्टरनं ते वाक्य टाकलं म्हणजे त्याला पण पुस्तकाचा शेवट अर्धवट वाटला असणार ना. पडद्यावर माणसाच्या डोक्यात काय चाललंय दिसत नाही, कायतरी बोलायला लावावं लागतं. पुस्तक वाचताना मला त्याची शेवटची लाईन, ती हुशारीवाली, टोमणाच वाटली राव. स्वतःलाच मारलेला. जो माणूस कालच रडून रडून सगळं कबूल करतो तो सकाळी उठून एकदम कोरा? इतक्या पटकन? नै पटत.

पिक्चरमधे बारीक बारीक लई पेरलेलंय, ती बाई हातात ग्लास नसताना पाणी पिते, चकला पिस्तूल पट्ट्यातून निघता निघत नाही. परत बघा कधी, मजा येते.

---

लातूरकरीण

दादा, "इतक्या पटकन" ह्याचं उत्तर पुस्तकातच आहे, दीपगृहाच्या प्रसंगात. कॉली स्वतः सांगतो की नऊ महिन्यांपूर्वी पण तू असाच भानावर आला होतास अन परत घसरलास. म्हणजे हे आधी होऊन गेलेलं आहे. लेखकानं ते वाक्य उगं नाही टाकलं, शेवटासाठीच पेरून ठेवलंय. सगळे ते विसरतात, कारण तवर पान उलटायची घाई झालेली असते.

अन तो खराच मार्शल आहे, हॉस्पिटलवाले बदमाश आहेत, ही थिअरी तर माझ्याच्यानं ऐकवत नाही. एडवर्ड डॅनियल्स अन अँड्र्यू लेडिस, रेचेल सोलँडो अन डोलोरेस शनाल, ही नावं इंग्रजीत लिहून अक्षरं मोजा, चारही नावांत बरोबर तेरा तेरा. पहिल्या नावाची अक्षरं हलवली की दुसरं होतं, तिसऱ्याची हलवली की चौथं. बायकोचं लग्नाआधीचं नाव मोडून त्यानं लेकरं मारणारी ती रेचेल बनवली, म्हणजे बायकोचा गुन्हा बायकोपासून तोडून दुसऱ्या बाईच्या नावावर टाकला. अन स्वतःचा गुन्हा लेडिस नावाच्या जाळपोळ करणाऱ्यावर. असं कोडं बाहेरचा माणूस रचत नसतो हो, हे आतून आलेलं आहे. हॉस्पिटलात पेशंट ६६, अन रेचेलच्या खोलीतल्या चिठ्ठीत विचारलंय ६७ वा कोण. तोच. तिसऱ्या दिवसाच्या भागाचं नावच ते आहे!

त्यामुळं माझ्या मते शेवट सरळ आहे. तो परत बुडाला. सोंग बिंग काही नाही. आपल्याला सोंग हवंय, कारण सोंग असलं की तो हिरो होतो, मरण त्याच्या मर्जीचं होतं. नुसता आजारी माणूस, जो पुन्हा आजारी पडला अन त्याला उपाय कमी पडले, हे वाचून झोप येत नाही म्हणून आपण सगळे त्याला हुशार ठरवायलोय.

---

गोदाकाठ_नांदेड

ताई रागावू नका पण मी त्याच ऐकवत नसलेल्या थिअरीवाला 🙏

बघा, पुस्तकभर आपण टेडीच्या खांद्यावर बसून फिरतो. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. गुहेत ती बाई भेटते, मीच खरी रेचेल सोलँडो, मी इथं डॉक्टर होते म्हणते, सांगते की जेवणात, सिगरेटीत औषधं घालतात, तुला वेडा ठरवला की तू जे जे बोलशील ते वेडाचंच लक्षण धरतील. आता दीपगृहात कॉली काय करतो? तेच! टेडी म्हणतो मला गुंगीचं दिलंय, हा म्हणतो नाही रे, क्लोरप्रोमाझिन हे मनोरुग्णांचं औषध दोन वर्षांपासून तुला चालूच होतं, ते बंद केल्यामुळं हात थरथरायलेत. टेडी म्हणतो गुहेत बाई भेटली, हा म्हणतो अशी बाईच नाही. प्रत्येक पुरावा हॉस्पिटलचाच, फाईल हॉस्पिटलची, साक्षीदार हॉस्पिटलचे. सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावायचं हे तलाठ्याच्या हातात अन जमीन कसणारा बोंबलत बसलाय तसलं आहे हे.

अन अक्षरांचा खेळ तर डॉक्टर पण बसून जुळवू शकतात की, त्यांना काय काम होतं बेटावर.

आणि हे कल्पनेतलं नाही नुसतं. अमेरिकेत सीआयएनं १९५३ ला एमके अल्ट्रा नावाचा प्रोग्रॅम खरंच काढला होता, लोकांना न सांगता नशेचं एलएसडी बिलएसडी द्यायचे, हॉस्पिटलं त्यात होती, तुरुंग होते, १९७५ ला चौकशी लागली तवा बाहेर आलं. कादंबरी १९५४ मधे ठेवलीय. लेखकाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं साल उगं नाही निवडलं.

---

लातूरकरीण

१९५४ निवडलं ते खरंय, पण त्याचं कारण वेगळं असू शकतं ना. अन गुहेतल्या बाईचं म्हणाल तर ती टेडीला जे ऐकायचंय तंतोतंत तेच ऐकवते. इतकी सोयीची बाई मला खरी वाटतच नाही.

---

निवृत्त_मास्तर_जालना

नमस्कार. चर्चा चांगली चालली आहे. पण एका गोष्टीकडे अजून कुणी आलं नाही, म्हणून मधे बोलतो.

आपण सगळे शेवटच्या पानाशी भांडत आहात. पहिली पानं कुणी परत वाचली का? कादंबरीच्या सुरुवातीला डॉ. लेस्टर शीहान यांच्या रोजनिशीतला एक भाग आहे, तारीख ३ मे १९९३. म्हणजे बेटावरच्या त्या चार दिवसांनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिलेला. पहिल्यांदा वाचताना हा शीहान कोण हे माहीत नसतं, म्हणून आपण तो भाग पाहुण्यासारखा ओलांडून आत शिरतो. शेवट कळल्यावर मात्र तो परत वाचला पाहिजे. मी वाचला आणि माझं मत पार बदललं.

एक तर नांदेडच्या भाऊंचा प्रश्न तिथेच निम्मा मिटतो. शीहान नावाचा डॉक्टर खरोखर होता आणि तो टेडीला जवळून ओळखत होता, हे टेडी भानावर यायच्या कितीतरी आधी, पहिल्याच पानावर, त्याच्याच हातानं लिहिलेलं आहे. चक जर खरा मार्शल असता आणि हॉस्पिटलनं त्याला गिळला असता, तर १९९३ मधे ही रोजनिशी कोण लिहितंय?

पण खरी गंमत पुढे आहे. हा म्हातारा डॉक्टर लिहितो की हल्ली माझ्या वस्तू हरवतात, चष्मा, गाडीच्या किल्ल्या. दुकानात शिरतो आणि काय घ्यायला आलो ते विसरतो. म्हणून जे घडलं ते डोक्यातून कागदावर उतरवून ठेवतोय. आणि हेही म्हणतो की स्वतःला चांगलं दाखवण्यासाठी मी काही बदलणार नाही, कारण "त्याला" ते चाललं नसतं, खोट्याची इतकी चीड असणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हा "तो" म्हणजे टेडी, असंच मी धरतो.

आता विचार करा. याचा अर्थ त्यानंतर येणारी सगळी कादंबरी ही शीहाननं लिहिलेली असावी. टेडीच्या डोक्यातलं जे जे आपण वाचतो, स्वप्नं, बायकोच्या आठवणी, डाखाऊच्या नाझी छावणीतलं ते बर्फ आणि प्रेतं, ते सगळं डॉक्टरनं रुग्णाकडून ऐकून, जुळवून मांडलेलं. दोन वर्षं त्यानं दुसरं काय ऐकलं असणार? आणि शेवटच्या पानावर बघा, तिथे टेडीच्या मनातलं असं काही उरतच नाही. नुसतं बोलणं आहे. एवढी तीनशेच्या वर पानं त्याच्या डोक्यात फिरवून आणणारा लेखक नेमका शेवटी बाहेर पायरीवर का थांबतो? कारण त्या सकाळी टेडीच्या मनात काय होतं हे शीहानला कळलं नाही. चाळीस वर्षांनी सुद्धा नाही. माहीत नाही ते त्यानं लिहिलं नाही, शब्दाला जागला.

म्हणून "सोंग की खरं" याचं उत्तर पुस्तकात शोधून सापडणार नाही. ते लपवलेलं नाही, सांगणाऱ्याकडेच नाही.

---

परभणीकर_अभ्यासू

सर 🙏🙏 अंगावर काटा आला वाचून. तो उंदरांचा भाग तिथलाच ना? बेटावरून उंदीर पाण्यात उड्या मारून शेजारच्या बेटाकडं पोहायलेत, अन शीहान म्हणतो टेडी इथं असता तर त्यानं टाळ्या वाजवल्या असत्या. मला पहिल्यांदा वाचताना वाटलं काय येडपट सुरुवात केलीय.

पण सर एक अडचण. शीहान गुहेत नव्हताच की. अन वॉर्ड सी मधे, म्हणजे सगळ्यात धोकादायक पेशंटच्या वॉर्डात, पण टेडी एकटाच घुसलेला असतो बराच वेळ. मग ते त्याला कसं माहीत?

---

निवृत्त_मास्तर_जालना

बरोबर हेरलंत. दोन शक्यता. टेडीनं त्याला नंतर सांगितलं, कारण चक समजून तो त्याला बरंच सांगत असे. किंवा शीहाननं तो भाग कल्पनेनं भरला. गुहेतली बाई लातूरच्या ताईंना "सोयीची" वाटते ती कदाचित त्यामुळेच.

उंदरांचं म्हणाल तर, मला तो भाग फार आवडतो. पण त्याच रोजनिशीत एक वाक्य असं आहे की ज्यानं माझी झोप उडवली. तो हळहळतो टेडीसाठी, त्याच्या मेलेल्या बायकोसाठी, आणि मग रेचेल सोलँडो आणि अँड्र्यू लेडिस या दोघांना मिळून बोल लावतो, यांनी आमचा सगळ्यांचा विध्वंस केला म्हणून. म्हणजे चाळीस वर्षांनी डॉक्टर स्वतः टेडी आणि लेडिस यांना दोन वेगळी माणसं धरून बोलतोय! रुग्णाची गोष्ट ऐकता ऐकता डॉक्टरनं ती स्वीकारली? की मित्र म्हणून त्याला टेडी हे नाव बहाल केलं? यावर मी अजून ठाम नाही.

---

गोदाकाठ_नांदेड

सर तुम्ही माझी थिअरी मारली पण ह्या वाक्यानं थोडी जिवंत पण केली 😂 डॉक्टरच वेगळी माणसं म्हणायलाय तर मी कोण बोलणारा.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी मूळ केजकडची, सध्या पुण्यात सायकिॲट्री वॉर्डला आहे. नाईट ड्युटीला वाचत बसले होते म्हणून लिहिते, टायपिंग धकवून घ्या.

सगळ्यांनी टेडीच्या डोक्यात काय आहे ह्यावर लिहिलंय. ऑपरेशन करायला निघालेल्यांबद्दल कुणीच नाही.

१९५४ का निवडलं हे विचारलं ना कुणीतरी. लोबोटॉमी १९३५ ला पोर्तुगालच्या मोनिझनं सुरू केली, १९४९ ला त्याला त्याच्यासाठी नोबेल मिळालं, हो खरंच. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमननं १९४६ पासून ती सोपी करून टाकली, डोळ्याच्या खोबणीतून वरच्या बाजूला टोकदार हत्यार घालायचं अन मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्या तोडायच्या, त्याला ऑपरेशन थिएटर पण लागत नसायचं. रशियानं १९५० लाच बंदी घातली होती. अन क्लोरप्रोमाझिन हे पहिलं खरं औषध, १९५२ ला पॅरिसला रुग्णांवर वापरलं, अमेरिकेत मंजुरी मिळाली १९५४ ला. म्हणजे कादंबरीचं साल हे बरोबर त्या उंबऱ्यावरचं आहे. एकीकडं हत्यारवाले, एकीकडं गोळीवाले, अन मधे हा कॉली, जो म्हणतो की मला माणसाशी बोलून बघू द्या. पुस्तकात हे भांडण चालूच असतं, नेरिंगसारखे तिथलेच दुसरे डॉक्टर लोकं वाटच बघायलेत की कॉलीचा प्रयोग कधी फसतो. ते औषध आम्ही आजही देतो, गोदाकाठ दादा, अन हात थरथरणं हे त्यात नेहमीचंच आहे, त्यात गूढ काही नाही.

आता शेवट. त्या पायरीवर शीहान काय करतो ते बघा. पेशंटनं "चक" म्हटलं. ह्यानं काय करायला पाहिजे होतं? विचारायला पाहिजे होतं. अँड्र्यू, आज तारीख काय, मी कोण, काल आपण काय बोललो. आम्ही नर्सेस हे दर शिफ्टला विचारतो, पेशंट वैतागतात आमच्यावर. शीहान एक प्रश्न विचारत नाही. तो चक होऊन उत्तरं देतो, आपण हुशार आहोत म्हणतो, नाटक पुढं चालू ठेवतो. पिक्चरमधला शीहान निदान मागून "टेडी?" अशी हाक तरी मारतो, तो डायलॉग ऐकून त्याला शंका आलेली दिसते. पुस्तकातला तेवढं पण करत नाही. सर म्हणतात शीहानला कळलं नाही. माझं म्हणणं त्यानं कळून घेतलं नाही. खूप फरक आहे दोन्हीत.

अन पिक्चरचा शेवट सगळ्यांना का आवडतो तर त्यात टेडीनं जणू सहीच करून दिलीय, मला चालेल म्हणून. डॉक्टर सुटले, बघणारे पण सुटले. पुस्तकात त्याला कुणी विचारलेलंच नाही. आपल्याकडं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात मेंदूवर असलं ऑपरेशन पेशंटची समजून उमजून दिलेली संमती अन मंडळाची मंजुरी असल्याशिवाय करताच येत नाही. हे कायद्यात का लिहावं लागलं असेल, ते हे पुस्तक वाचलं की कळतं.

आपल्या भागात अजून कुणाला त्रास सुरू झाला की आधी देवऋषी, मग दर्गा, मग "येरवड्याला टाका" असं म्हणतात. सरकारी जुनी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, मराठवाड्यात एक पण नव्हतं, त्यामुळं येरवडा म्हणजे आपल्याला लांबचं बेटच वाटत आलंय, गेला तो गेला. मी इथं कामाला लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, पोरीला भ्या वाटत नाही का म्हणून. सॉरी विषय सोडून बोलले.

---

लातूरकरीण

सिस्टर, विषय सोडून कुठं, तुम्हीच विषयावर आणलं.

तरी एक विचारते. शीहाननं विचारलं असतं तर? समजा तो खरंच घसरलेला होता, तर उत्तर "मी मार्शल" असंच आलं असतं अन ऑपरेशन ठरलेलंच. अन सोंग असेल तर सोंग करणाऱ्यानं पण "मी मार्शल" हेच सांगितलं असतं. मग विचारून काय हाती लागलं असतं?

---

रात्रपाळी_सिस्टर

ताई, सोंग करणारा माणूस प्रश्न ऐकून क्षणभर थांबतो. घसरलेला थांबत नाही, त्याचं उत्तर तयार असतं. नेहमीच ओळखू येतं असं नाही म्हणत मी, पण दोन वर्षं ज्यानं ह्या एकाच माणसाला बघितलंय त्याला अंदाज आला असता. आणि समजा सोंग आहे असं कळलं असतं, म्हणजे माणूस भानावर आहे पण जगायची इच्छा नाही, तर ती वेगळीच केस झाली ना. त्याला लक्ष ठेवायचं, बोलायचं, एकटं सोडायचं नाही. ऑपरेशन कसलं करता!

म्हणून मला पिक्चरवाल्या "भला माणूस म्हणून मरतो" ह्याला टाळ्या वाजवता येत नाहीत. आमच्याकडं असं बोलणारा पेशंट आला तर रात्रभर खाटेशेजारी माणूस बसवतो.

---

गुलमंडी_कट्टा

बाप रे. मी तो डायलॉग स्टेटसला ठेवला होता 😐

---

निवृत्त_मास्तर_जालना

सिस्टर, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या वाचनात बसतोही. कळून घेतलं नाही म्हणूनच तर माणूस चाळीस वर्षांनी रोजनिशी काढून बसतो. फक्त एक बाजू शीहानचीही मांडतो. त्या सकाळी काय वय असेल त्याचं, तरुण डॉक्टर, वरती कॉली, त्याच्यावर नेरिंग आणि सगळं मंडळ. तो चक होऊन बोलतो यात मला थोडी मायाही दिसते. शेवटची पाच मिनिटं त्यानं रुग्णाला एकटं पडू दिलं नाही, जोडीदार म्हणून बसला. डॉक्टर म्हणून चुकला असेल.

---

रात्रपाळी_सिस्टर

सर, माया होती हे मलाही दिसतं. पण मायेनं गप्प बसणारे मी लई बघितलेत. नातेवाईक पण तसेच असतात.

---

गोदाकाठ_नांदेड

मग फायनल काय धरायचं? माझ्या मार्शलचं तिकीट कटलं हे मान्य, रोजनिशीपुढं इलाज नाही. पण गुहेतली बाई मी सोडणार नाही, सांगून ठेवतो.

---

परभणीकर_अभ्यासू

फायनल काही नाही भौ, सर म्हणाले तेच, सांगणाऱ्याकडंच नाही तर आपण कुठून आणायचं. मी तरी आता लातूरच्या ताईंच्या बाजूला अर्धा सरकलोय, ते नऊ महिन्यांपूर्वीचं घसरणं मी खरंच वाचून सोडून दिलं होतं. पण उरलेला अर्धा सिस्टरच्या बाजूला आहे. सोंग असो नाहीतर खरं, विचारायला पाहिजे होतं.

आज संध्याकाळी अभ्यासिकेत पहिली पानं मोठ्यानं वाचून दाखवणार आहे पिक्चरवाल्यांना. एकजण आत्ताच म्हणायलाय की पुस्तक दे, दोन दिवसांत वाचून देतो. तो पुस्तक परत करत नाही हा इतिहास आहे, म्हणून पानांचे फोटो काढून ठेवायलोय.

सर, असलंच सुरुवातीच्या पानांत सगळं सांगून टाकणारं मराठीतलं काही असेल तर सुचवा की. पूर्व परीक्षा झाल्यावर वाचीन.

---

निवृत्त_मास्तर_जालना

आधी परीक्षा द्या. मग यादी पाठवतो.